भाऊ संस्थेत आहे, पण त्याचा दिवस कसा जातो हे कळत नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि स्वमग्नताही (ऑटिझम) आहे. तो आठ-दहा शब्दच बोलतो. लहानपणापासून आकडीचे औषध चालू आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते तीन वर्षांपूर्वी वारले. आई सत्तरीची असून गुडघ्यांमुळे तिला त्याच्यामागे धावणे होत नाही. माझे सासर लातूर जिल्ह्यात आहे. सात महिन्यांपूर्वी आम्ही त्याला शेजारच्या जिल्ह्यातील एका निवासी संस्थेत टाकले. इमारत नवी आणि स्वच्छ आहे, सगळे गोड बोलतात. पण तो आता सतत झोपेत असल्यासारखा दिसतो, वजन बरेच वाढले आहे, अंगावर दुसऱ्याचेच कपडे असतात. महिन्यातून एकदा कार्यालयाच्या खोलीत अर्धा तास भेट होते, आत जाऊ देत नाहीत. मागच्या भेटीत उजव्या मनगटावर काळपट वळ दिसला. ‘स्वतःच चावून घेतो,’ असे सांगितले. त्याची लहानपणापासूनची वाकळ कुठे आहे असे दोन वेळा विचारले, दोन्ही वेळा ‘धुवायला टाकली आहे’ असे उत्तर मिळाले. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, घरी न्यायचे म्हटले तर ‘सवय मोडेल’ म्हणाले. घरचे म्हणतात, जागा मिळाली हेच नशीब, उगाच खोडा घालू नकोस. त्याला तिथे टाकल्याच्या अपराधीपणातून मी संशय घेते आहे का? तक्रार केली तर ते त्याला घरी पाठवतील किंवा राग त्याच्यावर काढतील, अशी भीती वाटते. संस्था चांगली आहे की नाही, हे ओळखायचे कसे?
– एक बहीण, लातूर जिल्हा

उत्तर :

ताई,

तुम्ही पत्रात ‘टाकले’ हा शब्द दोनदा वापरला आहे. आपल्या भागात हाच शब्द रूढ आहे. मुलगा शाळेत ‘घालतात’ आणि असा मुलगा संस्थेत ‘टाकतात’. तो शब्द तुम्ही आजपासून सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. सत्तरीची आई, घरात पुरुष माणूस नाही, आणि २८ वर्षांचा अंगाने भरलेला भाऊ रात्री उठून रस्त्याकडे निघाला तर त्याला धरणार कोण, या परिस्थितीत त्याच्यासाठी जागा शोधणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. शिवाय ज्याने टाकले त्याला पुढे काही विचारण्याचा हक्क उरत नाही, असे त्याला स्वतःलाच वाटू लागते आणि संस्थेला ते सोयीचे पडते. तुम्ही भावाच्या काळजीचा एक भाग दुसऱ्यांवर सोपवला आहे. उरलेला भाग तुमच्याकडेच आहे, आणि पाहणे, विचारणे, लिहून ठेवणे हे त्यातच येते.

तुमच्या मुख्य शंकेचे उत्तर आधीच देते. अपराधीपणातून आलेला संशय बहुधा मोघम असतो. ‘तिथे त्याचे हाल होत असतील’ असे तो म्हणतो. तुम्ही मात्र झोपाळूपणा, वजन, कपडे, मनगट आणि वाकळ अशा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत. यांपैकी एखादीचे कारण अगदी साधे निघेलही, पण त्यांची विचारणा झालीच पाहिजे. मी वीस वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम केले, त्यातील बराच काळ निवासी मुलांमध्ये गेला. त्या अनुभवावर सांगते की घरच्यांच्या अशा बारीक निरीक्षणांना खोडा म्हणणारी माणसे एक तर थकलेली असतात, नाहीतर घाबरलेली असतात.

संस्थेची परीक्षा इमारतीवरून होत नाही. फरशी, रंग, देणगीदारांच्या नावांची पाटी, प्रजासत्ताकदिनाचा कार्यक्रम हे सगळे पाहुण्यांसाठी असते. परीक्षा करायची तर एका माणसाचा एक साधा दिवस विचारावा. पुढच्या भेटीत अधीक्षकांना शांतपणे विचारा : गेल्या मंगळवारी माझा भाऊ किती वाजता उठला, त्याला कोणी उठवले, आंघोळ त्याने किती स्वतः केली आणि किती करून दिली, कोणता शर्ट घालायचा हे कोणी ठरवले, दुपारी काय खाल्ले आणि काय ताटात टाकले, तो बाहेर मोकळ्यावर किती वेळ होता, हाताला कोणते काम होते, रात्री त्याच्या खोलीजवळ कोण होते, शौचाला शेवटचा कधी झाला? ज्या ठिकाणी त्याला माणूस म्हणून ओळखतात तिथे ही उत्तरे अधीक्षकांना पाठ नसतील, परंतु ते हाक मारून एखाद्या दादाला किंवा मावशीला बोलावतील आणि तो दादा ‘त्याला की नाही, गरम पाणी चालतच नाही’ असे सांगायला लागेल. ज्या ठिकाणी ओळखत नाहीत तिथे ‘सगळं वेळापत्रकाप्रमाणे चालतं’ एवढेच उत्तर येते. वेळापत्रक भिंतीवर टांगलेले असते. त्यावरून तुमच्या भावाचा मंगळवार कळत नाही.

रात्रीविषयी आवर्जून विचारा. दिवसा शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, स्वयंपाकाच्या बाया, देणगीदार असे चार लोक वावरत असतात; रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती रहिवाशांमागे किती माणसे जागी असतात, हा आकडा बऱ्याच गोष्टी सांगून जातो. एका संस्थेत मी स्वतः पाहिले आहे की तीसेक मुलांमागे रात्री एकच काळजीवाहक होता आणि तो दिवसाचीही पाळी करून आलेला होता. तो माणूस वाईट नव्हता. पण दोन मुलांना एकाच वेळी आकडी आली, किंवा एक मुलगा फाटकाकडे पळाला आणि दुसरा रडायला लागला, तर तो दार बाहेरून लावून घेणार हे ठरलेलेच होते. बहुतेक ठिकाणी काळजीची गुणवत्ता दुष्टपणामुळे घसरत नाही, माणसे कमी पडल्यामुळे घसरते, आणि मग कमी माणसांत भागवण्यासाठी कुलूप, दोरी आणि गोळी या तीन गोष्टी आत येतात. म्हणून कर्मचारी किती वर्षांपासून टिकून आहेत, त्यांना प्रशिक्षण कोणी दिले आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का, हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

आता झोपाळूपणा आणि वजन. ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. स्वमग्नता घालवणारे कोणतेही औषध नाही. रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल यांसारखी औषधे तीव्र चिडचिड, अंगावर धावून जाणे, स्वतःला इजा करून घेणे यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि काही मुलांना त्यांचा खरोखर उपयोग झालेला मी पाहिला आहे. परंतु याच औषधांनी, विशेषतः रिस्पेरिडोनने, भूक आणि वजन वाढते, गुंगी येते, काहींना लाळ गळते, हातपाय ताठ होतात, शौचाला त्रास होतो. तुमच्या भावाला अशी औषधे दिली जात आहेत की नाही, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. आकडीच्या औषधाचा डोस बदलल्यानेही गुंगी येऊ शकते. पण सात महिन्यांत माणूस इतका बदलला असेल, तर त्याच्या औषधांची चिठ्ठी पाहायला मागणे हे तुमचे कर्तव्यच आहे. प्रत्येक गोळीबाबत विचारा : ती कोणत्या डॉक्टरांनी दिली, कोणत्या लक्षणासाठी दिली, केव्हा सुरू झाली, त्या डॉक्टरांनी त्याला प्रत्यक्ष शेवटचे कधी तपासले, आणि ती कमी करण्याचा विचार केव्हा होणार आहे. ‘तो शांत राहावा म्हणून’ हे कारण पुरेसे नाही. कोणाच्या सोयीसाठी शांत, हे विचारावे लागते.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये २०१५ साली तेथील सरकारी आरोग्य यंत्रणेने अंदाज काढला, तेव्हा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना रोज मनोविकारांवरील औषधे दिली जात होती आणि ज्या आजारांसाठी ती असतात त्यांचे निदान त्यांच्या कागदांत नव्हते. पुढच्या वर्षी तिथे अशी औषधे तपासून, शक्य तिथे कमी करण्याची मोहीमच सुरू झाली. मात्र एक गोष्ट अतिशय काळजीपूर्वक वाचा : भाऊ घरी आल्यावर किंवा तुमच्या मनाने कोणतीही गोळी एकदम बंद करू नका. आकडीचे औषध चुकले तर जिवावर बेतू शकते, आणि दुसरी औषधेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागतात.

औषध वाढवण्याआधी दुखणे शोधले गेले का, हेही पाहिले पाहिजे. ज्याला दुखते असे सांगता येत नाही, तो ते हाताने, डोक्याने, दाताने सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो काही आठवडे स्वतःच्या गालावर फाडफाड मारून घेत असे आणि सगळे त्याला हट्टी म्हणत होते. शेवटी तोंड उघडून पाहिले तर दाढ किडून आत पू झाला होता. दाढ काढल्यावर चार दिवसांत मारणे थांबले. कान, दात, पोटातला मळ, आम्लपित्त, लघवीचा संसर्ग ही पाच ठिकाणे वागणुकीला नाव ठेवण्यापूर्वी तपासली गेलीच पाहिजेत. बद्धकोष्ठतेला लोक किरकोळ समजतात, पण न बोलणाऱ्या आणि गुंगीची औषधे घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती गंभीर होऊन जीव गेल्याची उदाहरणे आहेत. शौचाची नोंदवही ठेवतात का, हा प्रश्न ऐकायला बरा वाटत नसला तरी तो विचाराच.

मनगटावरच्या वळाबद्दल पत्रावरून निकाल देणे योग्य होणार नाही. स्वमग्न व्यक्ती हात चावून घेतात हे खरे आहे. तशी चावण्याची खूण बहुधा अर्धगोल असते, पुन्हा पुन्हा चावल्याने तिथे घट्टाही पडतो. मनगटाभोवती फिरलेला वळ असेल आणि तसाच दुसऱ्या मनगटावर किंवा घोट्यावर असेल, तर हात बांधल्याची शंका घ्यावी लागते. पुढच्या भेटीला भावाच्या बाह्या वर करून दोन्ही हात, दोन्ही घोटे पाहा, तारखेसह छायाचित्र घ्या, आणि चावून घेतल्याची घटना नोंदवहीत कोणत्या तारखेला लिहिली आहे ते दाखवायला सांगा. तो जर वारंवार चावत असेल तर त्याची नोंद, त्यामागच्या कारणाचा शोध आणि जखमेवरचा उपचार हे तिन्ही कागदावर असायला हवे. शंका राहिली तर थेट सरकारी रुग्णालयात दाखवून डॉक्टरांकडून लेखी घ्या. बांधून ठेवणे कुठवर जाऊ शकते ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे देशाने पाहिले. साखळीने बांधलेली मनोरुग्ण माणसे आग लागल्यावर पळू शकली नाहीत आणि पंचविसाहून अधिक जण जळून गेले.

‘भेट कार्यालयातच होईल’ या नियमाकडेही मी दुर्लक्ष करणार नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराजवळ विंटरबर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते, तिथे बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता असलेले रुग्ण राहत. मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण दाखवले, तेव्हा तिथली मारहाण आणि छळ जगासमोर आला. अकरा कर्मचारी दोषी ठरले, त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवास झाला. नंतरच्या चौकशीत दिसलेली एक गोष्ट तुमच्या पत्राशी जुळते : नातेवाइकांना त्यांच्या माणसाच्या खोलीपर्यंत जाऊ दिले जात नव्हते. तिथल्या एका परिचारकाने व्यवस्थापनाकडे आणि सरकारी तपासणी यंत्रणेकडे आधीच तक्रार केली होती, ती वेळेवर ऐकली गेली नव्हती. त्याच वर्षी आपल्याकडे पनवेलजवळ कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या निवासी संस्थेतील अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने संबंधितांना दोषी ठरवले. तुमच्या भावाच्या संस्थेत असे काही चालले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. बंद दाराआड चांगले काम चालले असले तरी ते बाहेरच्याला कळत नाही आणि वाईट चालले असले तरी कळत नाही, म्हणून दार उघडायला सांगायचे. इतर रहिवाशांच्या खासगीपणाचे कारण ते देतील आणि ते काही अंशी रास्तही आहे; त्यावर ‘सर्वजण जेवायला बसलेले असताना मला त्याचा पलंग, संडास-बाथरूम आणि दाराची कडी कुठून लागते एवढेच पाहू द्या’ असे म्हणावे. एवढ्यालाही नकार आला, तर तो नकार लिहून ठेवा.

कपड्यांबद्दल थोडक्यात लिहिते. सगळ्यांचे कपडे एकत्र धुणे आणि हाताला येईल ते ज्याला-त्याला चढवणे ही संस्थांमधली जुनी खोड आहे. शर्टाच्या आतल्या बाजूला धाग्याने त्याचे नाव घालून द्या आणि एक छोटे कपाट किंवा पेटी फक्त त्याची असावी असा आग्रह धरा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दिव्यांगांसाठीची कोणतीही खासगी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही; ते प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्याची मुदत वाचा. नोंदणी म्हणजे चांगुलपणाची हमी नव्हे, परंतु नोंदणीच नसेल तर पुढचे काही विचारायलाच नको. याच कायद्याचे ६ वे कलम दिव्यांग व्यक्तीला क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देते. ७ व्या कलमाप्रमाणे छळ, हिंसा किंवा शोषण होत आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तालुक्याला तहसीलदारांना, कळवू शकते आणि त्यांना त्या व्यक्तीच्या सुटकेपर्यंतची पावले उचलता येतात. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिला अन्नपाणी नाकारले किंवा कोणी अवमान करण्याच्या हेतूने तिच्यावर बळाचा वापर केला, तर ९२ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो.

या सर्वांपेक्षा तुमच्या घरातील एक कागद आधी तपासा. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडीलही त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. वडिलांच्या हयातीत हे झाले होते का ते पाहा. झाले नसेल किंवा वडिलांचेच नाव असेल, तर आईने अर्ज करावा आणि पुढे तुमचे नाव यावे याची चर्चा समितीसमोरच करून ठेवावी. पालकत्वाचे कागद संस्थेच्या नावे करून देण्याची घाई करू नका. जो सांभाळतो त्याच्यावर लक्ष ठेवणारा कोणीतरी दुसरा असला पाहिजे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, आणि त्याने छळ किंवा हेळसांड केली तर नातेवाइकांना त्याला दूर करण्याची मागणी करता येते. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, त्यामुळे आईनंतर कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या भावाला मिळू शकते. त्यासाठी त्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि नाव पेन्शनच्या कागदांत आईच्या हयातीतच लावून घ्या. त्याच्याकडे निरामय आरोग्य विमा नसेल तर तोही काढा. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण ती खोटी नाही. राग अशक्त माणसावर निघतो हे मी पाहिले आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत प्रौढ दिव्यांगांसाठीच्या निवासी जागा मोजक्याच आहेत. विशेष शाळेचे दार १८ व्या वर्षी बंद होते आणि पुढे आईच्या पदराखेरीज काही उरत नाही. बीडकडची ऊसतोड कुटुंबे अशा मुलाला आजीच्या ओटीत घालून सहा महिने कारखान्याच्या फडावर जातात. अशा परिस्थितीत ‘नको असेल तर घेऊन जा’ हे वाक्य संस्थेच्या हातात नेहमी तयार असते. म्हणून पहिली विचारणा तक्रार म्हणून करू नका, पण लेखी करा. काय चांगले आहे ते आधी मोकळेपणाने लिहा, मग औषधांची चिठ्ठी, वैद्यकीय तपासणी, कपडे आणि आतली भेट या चार मागण्या लिहा आणि एका प्रतीवर पोच घ्या. एकट्या जाऊ नका. भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर थांबलेल्या इतर आयाबापांशी बोला. तुम्हाला जे दिसले ते त्यांतल्या दोघा-तिघांनाही दिसले असेल, आणि पाच घरांनी मिळून विचारले की राग कोणा एका मुलावर काढता येत नाही. शिवाय महिन्यातल्या त्या ठरलेल्या एका भेटीवर समाधान मानू नका. ज्याच्या घरचे वेळी-अवेळी येतात, फोन करतात, मावश्यांना नावाने ओळखतात, त्या मुलाला हात लावताना कोणीही दोनदा विचार करतो. इतक्या वर्षांत मला यापेक्षा भक्कम संरक्षण दिसलेले नाही.

मात्र मनगटाच्या तपासणीत बांधल्याचे दिसले, किंवा त्याच्या लैंगिक शोषणाची शंका आली, तर या क्रमाची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या आणि पोलीस व तहसीलदार दोघांनाही लेखी कळवा. पुढची व्यवस्था होईपर्यंत घरी थोडे हाल होतील, पण ते तुम्हाला सोसता येतील असे आहेत.

‘सवय मोडेल’ या उत्तरात थोडे तथ्य आहे. स्वमग्न माणसाला ठिकाणाचा बदल जड जातो, परत सोडताना तो रडेल, हात-पाय आपटेल, आणि त्यावरून लगेच काही निष्कर्ष काढू नये. पण म्हणून घर कायमचे बंद करायचे नसते. मार्गशीर्ष अमावस्या तुमच्या लातूरकडे वर्षातला केवढा मोठा दिवस असतो हे मी काय सांगावे! शेतातली ती कडब्याची कोप (झोपडी), भज्जी, आंबील, माणसांची गर्दी हे त्याने २७ वर्षे पाहिले आहे. ही त्याचीही सवय आहे आणि तीही मोडली आहे. आठवडाभर आधी शेताचे, आईचे आणि परतीच्या एसटीचे अशी तीन चित्रे संस्थेतल्या दादाकडून त्याला रोज दाखवून घ्या, म्हणजे जाणे आणि परत येणे दोन्ही त्याच्या मनात आधी बसेल. चार दिवस तो घरी राहिला की आंघोळ घालताना त्याचे अंग आईच्या डोळ्यांखालून जाईल, आणि लातूरच्या सरकारी रुग्णालयात त्याला एकदा नीट दाखवूनही होईल.

याच निमित्ताने आईकडून एक काम करून घ्या. २७ वर्षे त्याला तिनेच वाचले आहे, आणि ते सगळे तिच्याबरोबर जाता कामा नये. ती सांगेल आणि तुम्ही एका वहीत लिहा : दुधात कुस्करलेली भाकरी खातो, भात तोंडात धरून बसतो, तेव्हा घास अडकू नये म्हणून शेजारी थांबावे लागते, मिक्सर लागला की कान झाकतो, ‘बा’ म्हणजे पाणी आणि ‘बाबा’ म्हणजे बाहेर, डावा कान धरला की दुखते आहे, आकडी येण्याआधी नजर एका जागी लागते, अंधारापेक्षा बंद दाराला जास्त घाबरतो. मी हे अंदाजाने लिहिले, तुमच्या भावाचे वेगळे असेल. दोन प्रती करा, एक त्याच्या पलंगाजवळ राहू द्या आणि एक रात्रपाळीच्या माणसाला तुम्ही स्वतः वाचून दाखवा. ती वही कोणी उघडली आहे का, हे पुढच्या भेटीत तिच्या पानांवरूनच कळेल.

सगळी विचारणा एकदम करणे जमले नाही तर वाकळीपासून सुरुवात करा. ‘धुवायला टाकली आहे’ हे उत्तर तिसऱ्यांदा स्वीकारू नका. ती त्याच्या अंथरुणावर दाखवा, असे म्हणा आणि ती पाहण्यासाठी आत चालू लागा. हरवली असेल तर त्यांनी तसे स्पष्ट सांगावे. आईच्या जुन्या लुगड्याची दुसरी शिवून नेता येईल, आणि या वेळी ती त्याच्या पलंगावर तुम्ही स्वतः घालून या.